कोकणातलं घर पावसाळ्यात चार महिने बंद असतं, कपडे, साड्या, फोटो खराब होऊ नयेत म्हणून काय करावं?

आमचं पण घर चिपळूणजवळ आणि आम्ही राहतो ठाण्यात, जूनमध्ये कुलूप लावलं की थेट गणपतीलाच उघडतं. तुम्ही लिहिलंय की सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवणार आहात, ते प्लीज करू नका. आम्ही तेच केलं होतं, आईचा लग्नातला शालू प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ट्रंकेत ठेवला आणि गणपतीत काढला तर घडीघडीवर जर काळी पडलेली, पदरावर बुरशीचे पांढरे ठिपके. आई काहीच बोलली नाही, नुसती त्या पदरावरून हात फिरवत बसली. ओल बाहेरून आलीच नव्हती, जूनच्या दमट हवेत घडी घालून आम्हीच ती आत कोंडली होती.

म्हणून आवराआवर मे महिन्यातच करा. सुती कपडे, चादरी, गाद्या कडक उन्हात, जरीच्या साड्या मात्र सावलीत, आणि उन्हातून काढल्या काढल्या घड्या घालू नका, आधी गार होऊ द्या. खळ घातलेले कपडे ठेवू नका, कसर त्याला लवकर लागते. साडी धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, तसंही त्या किडीसाठी असतात, ओलीचं त्या काहीच करत नाहीत.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या लोक कपाटात टाकतात, पण कपाटाला फटी असतात, पावसाळ्यात तिकडची आर्द्रता 85-90 टक्के, चार दिवसांत पुड्या भरून जातात. फोटो, सातबाऱ्याचे जुने कागद वगैरे रबरवाल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्या त्यात टाका, तिथे खरंच उपयोग होतो. ओल शोषून ज्यात पाणी जमा होतं ते कॅल्शियम क्लोराईडचे डबे बंद घरात नकोत, रिकामे करायला कोणी नसतं आणि कलंडले तर कपड्यांवरच सांडतात.

कपाट विटांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब, पावसाचा मारा असतो त्या भिंतीला तर नकोच.

आणि एक चावी शेजारी द्या. आमच्या शेजारच्या काकू उघडीप पडली की दोन तास खिडक्या आणि कपाटाची दारं उघडून ठेवतात, तेव्हापासून गणपतीला घर उघडल्यावर तो कुबट वास येत नाही.