पायाच्या शिरांचं डॉप्लर: आधी हात हलका कर

डॉक्टर, डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीनं रक्ताचा प्रवाह बघणं; तू यात नवीन आहेस म्हणून आधी हेच सांगतो. शीर प्रोबच्या, म्हणजे अंगावर फिरवायच्या यंत्राच्या, नुसत्या वजनानं चपटी होते, मग प्रवाह दिसणार कुठून? जेल भरपूर घे, हात हलका ठेव. शिरेतलं रक्त संथ वाहतं, म्हणून स्केल (दाखवायच्या वेगाची मर्यादा) आणि वॉल फिल्टर (संथ हालचालीचे संकेत गाळणारी सेटिंग) खाली आण. वेग मोजायचा तर प्रोबच्या लहरी आणि रक्तप्रवाह यांतला कोन ६० अंशांच्या आत.

शिरांमधल्या झडपा पेशंटला झोपवून तपासू नकोस. त्याला उभं कर, भार दुसऱ्या पायावर. आपल्याकडं बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या मावश्या येतात, लुगडं वर घ्यायला संकोचतात. पडदा ओढ, बाई मदतनीस सोबत ठेव, काय करणार ते सांग, धरायला खुर्ची दे. एवढं केलंस तरच पाय सैल सुटतो. मग पोटरी दाब आणि झटकन सोड. दाबलं की रक्त वर जातं. सोडल्यावर उलटा प्रवाह वरवरच्या शिरेत ०.५ सेकंदापेक्षा जास्त टिकला, तर झडप गळतेय. मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरेला हीच मर्यादा १ सेकंद.

पाय अचानक सुजला असेल तर मात्र आधी शिरेत रक्ताची गुठळी शोध. इथं मात्र आडव्या छेदात थोड्या थोड्या अंतरावर प्रोबनं शीर दाबत जा. शीर पूर्ण मिटली नाही तर गुठळीचा संशय धर, आणि गुठळी दिसल्यावर पोटरी पिळू नकोस. जांघेतला प्रवाह श्वासाबरोबर कमी-जास्त होत नसेल, सपाट वाहत असेल, तर अडथळा वर ओटीपोटात असू शकतो. तिथंही प्रोब फिरव, मगच रिपोर्ट लिही.