यंत्रे चालू, तरी माल उशिरा का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात एका सुट्या भागावरचे प्रत्यक्ष काम जेमतेम आठ तासांचे असते, तरी तो तयार होऊन बाहेर पडायला तीन आठवडे लागतात. उत्पादन-वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर घेतल्यास हा काळ कमी होईल का?

उत्तर : होऊ शकेल, मात्र सॉफ्टवेअरमुळे यंत्रांचा वेग वाढणार नाही. आपल्या तीन आठवड्यांतील बहुतेक वेळ माल कुठल्या ना कुठल्या यंत्रापुढे रांगेत पडून जातो, आणि कमी करायची आहे ती ही रांग. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, कारखान्यात सरासरी १२० कामे अर्धवट असतील आणि रोज १० पूर्ण होत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी १२ दिवस लागतात; पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून अर्धवट कामे ६० वर आणली, तर ६ दिवस पुरतात. यंत्र रिकामे दिसू नये म्हणून कामे गरजेआधीच सुरू करून देण्याची सवय म्हणूनच महागात पडते.

प्रत्येक यंत्राची खरी क्षमता धरून आखणी करणारे सॉफ्टवेअर निवडावे, कारण क्षमता अमर्याद मानणारी आखणी एकाच दिवशी एका यंत्रावर तीस तासांचे काम बिनदिक्कत टाकते. सर्वाधिक भार असलेल्या यंत्राचा क्रम आधी ठरवावा, यंत्राची सारखी जुळणी (काम बदलताना करावी लागणारी यंत्राची तयारी) लागणारी कामे तेथे लागोपाठ घ्यावीत आणि बाकीची यंत्रे त्या क्रमाला बांधावीत. कामाच्या व जुळणीच्या वेळा मात्र प्रत्यक्ष मोजून भराव्यात. अंदाजाने भरलेले वेळापत्रक कामगार दुसऱ्याच आठवड्यात बाजूला ठेवतात.