अल्लाहला मराठी कळतं का?

*आपा, सलाम. माझं वय ३४. माहेर खेड तालुक्यात, सासर मुंब्र्याला. गेल्या रमजानमध्ये अब्बांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांचं डायलिसिस चालू होतं आणि मी २७व्या रात्री पहाटेपर्यंत मुसल्ल्यावर, नमाजच्या चटईवर, बसून रडले, मागितलं. ईदच्या चौथ्या दिवशी अब्बा गेले. तेव्हापासून नमाज पढते, पण शाळेतली कवायत केल्यासारखी. आत काही हलत नाही. ही मुनाफिकी, म्हणजे श्रद्धेचं ढोंग, तर नाही ना? माझी दुआ, माझं मागणं, कुठे कमी पडलं? एकदा न राहवून मराठीतच बोलले, "तू ऐकलंस का नाही?" जाऊबाईंच्या कानावर पडलं. त्या म्हणाल्या, असं बोललं की ईमान (श्रद्धा) जातं, आणि अरबीशिवाय मागितलेलं कबूलही होत नाही. आता नमाज संपवणारा सलाम फेरला की मी लगेच मुसल्ला गुंडाळते. अब्बा मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत न्यायचे. तेवढंच सारखं डोळ्यांपुढे येतं. कृपया नाव छापू नका.*

वालेकुम सलाम, बाळ.

जाऊबाईंचं आधी उरकून टाकते. फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजच्या आत जे पढायचं ते अरबीतच, त्यात मी काही ढवळाढवळ करणार नाही. पण सलाम फेरून हात वर केलेस की भाषा तुझी. कुरआनात सूरह रूम या अध्यायात अल्लाहच्या निशाण्या सांगितल्या आहेत. त्यात आकाश आणि जमिनीच्या जोडीला माणसांच्या वेगवेगळ्या भाषाही आहेत. ज्याने भाषा घडवल्या त्याला आपली मराठी तेवढी कळायची राहिली, असं कसं होईल?

माझी आई चौथी शिकलेली. फजर, पहाटेची नमाज, झाली की मुसल्ल्यावर मांडी घालून बसायची, पदर ओंजळीसारखा धरायची आणि गाऱ्हाणी सुरू. "या अल्ला, मोठ्याचं जहाज आज निघालं असेल, वारा सांभाळ. गायीच्या पायाचं बघ. शेजारणीकडे माझे चाळीस रुपये राहिलेत, तिला आठवण होऊ दे." आम्ही पोरं गोधडीत तोंड खुपसून हसायचो. चाळीस रुपये काही परत आले नाहीत. आईचं मागणं थांबलं नाही, आणि शेजारणीशी बोलणंही नाही.

आता तुझा तो प्रश्न, "तू ऐकलंस का नाही?" हा कुणाला विचारतात? समोर कुणी आहे असं वाटतं त्यालाच ना? मग ईमान गेलं कुठे? कुरआनात आहे, हजरत याकूब हरवलेल्या मुलासाठी, युसुफसाठी, इतके झुरले की त्यांचे डोळे पांढरे पडले. घरचेच बोलायला लागले, त्याची आठवण काढत काढत जीव द्याल. ते म्हणाले, मी माझं दुःख, माझी व्यथा अल्लाहपाशीच मांडतो. तिथे 'अश्कू' असा शब्द आहे. आपण 'शिकायत' म्हणतो, ती त्याच मुळातली. याकूबांची तक्रार अल्लाहपाशी होती, अल्लाहविरुद्ध नव्हती, हा फरक मी लपवत नाही. पण पहाटे दोन वाजता रडणारं माणूस असे शब्द तोलत बसत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

दुआ कुठे कमी पडली, हे वाक्य मात्र मला पत्रात सगळ्यात जास्त टोचलं. म्हणजे इतके महिने तू अब्बांच्या मौतीचा हिशेब स्वतःच्या नावावर लावते आहेस. सहीह मुस्लिम या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, आहे. पैगंबर (स.) मदिनेत एका मशिदीत गेले, दोन रकात (नमाजची आवर्तनं) पढले आणि बराच वेळ दुआ मागत राहिले. मग सोबतच्यांना म्हणाले, मी माझ्या रबकडे तीन गोष्टी मागितल्या. दोन दिल्या, एक दिली नाही. दुष्काळाने उम्मत, म्हणजे त्यांचा अनुयायी समाज, संपू नये आणि बुडून संपू नये, या दोन मिळाल्या. आपसात लढू नये, ही नाही मिळाली. (ती मिळाली नाही, हे तर रोजच्या बातम्यांत दिसतंच.) त्यांच्या मागण्यात काय कमी होतं? त्यांचा लहानगा मुलगा इब्राहिम त्यांच्याच मांडीवर गेला. तेव्हा ते रडले, आणि डोळे रडतात, मन दुखतं, असं म्हणालेही.

लोक तुला सांगतील की दुआ वाया जात नाही. मागितलेलं इथेच मिळतं, नाहीतर एखादं संकट टळतं, नाहीतर आखिरतसाठी, मरणानंतरच्या जगासाठी, जमा राहतं. हदीसमध्ये हे आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण घरातून जनाजा निघाल्यावर महिनाभर तरी कुणी कुणाला हे ऐकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते ज्याचं त्याला सावकाश पटू द्यावं.

मुनाफिकीच्या भीतीवर एक गोष्ट सांगते. हंजला नावाचे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, होते, त्यांचे लेखनिक. एक दिवस ते "हंजला मुनाफिक झाला" म्हणत चालले होते. वाटेत अबू बकर भेटले, त्यांनी विचारलं, काय झालं? हंजला म्हणाले, पैगंबरांजवळ बसलं की जन्नत-जहन्नम डोळ्यांनी दिसल्यासारखी वाटते, आणि घरी बायकापोरांत गेलं की सगळं विसरायला होतं. अबू बकर म्हणाले, माझंही तसंच होतं. पैगंबरांचे सगळ्यात जवळचे सोबती अबू बकर, बरं का! दोघेही पैगंबरांकडे गेले. ते म्हणाले, माझ्याजवळ असता तसेच कायम राहिलात तर फरिश्ते रस्त्यात तुमच्याशी हात मिळवतील. पण हंजला, एक घटका अशी, एक घटका तशी. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तुझी ही 'तशी' घटका जरा लांबली आहे, इतकंच.

कोरड्या नमाजसाठी एक करून बघ. पाच वेळच्या फर्जच्या १७ रकाती, म्हणजे कुरआनची पहिली सूरह, फातिहा, दिवसातून १७ वेळा तर होतेच. हदीसमध्ये आहे की ही नमाज अल्लाहने स्वतःत आणि बंद्यात वाटून घेतली आहे. बंदा 'अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन' म्हणतो, तेव्हा तिकडून उत्तर येतं, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. 'इय्याक नअबुदु' (आम्ही तुझीच भक्ती करतो) म्हणतो तेव्हा उत्तर येतं, हे माझ्या आणि माझ्या बंद्यामधलं. आपण सातही आयती एका दमात पळवतो आणि उत्तराला जागाच ठेवत नाही. तू प्रत्येक आयतीनंतर एक श्वास थांब. सगळ्या १७ रकातींत नको, दमशील. फक्त फजरच्या दोन.

आणि नमाज सोडून जेवणात, पोरांच्या हसण्यातही काही वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरकडे जा, मानसोपचारवाल्या. अल्लाहने आजार दिला तिथे इलाजही दिला, हे पैगंबरांचंच सांगणं. कुणी ईमान कच्चं म्हटलं तर माझं नाव सांग.

अब्बांसाठी मागायचं मात्र थांबवू नकोस. माणूस गेलं की त्याचे अमल (कर्मं) थांबतात, तीन सोडून, आणि त्यातला एक म्हणजे मागे राहिलेल्या नेक अवलादीची दुआ. बरं होण्यासाठी मागायचं काम संपलं, हे काम उरलं आहे. 'रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सगीरा' तुला पाठ असेलच: मला लहानपणी वाढवलं त्या दोघांवर तसाच रहम कर. 'सगीरा' म्हणजे लहान असताना. त्या शब्दापाशी थांब आणि पुढचं मराठीत सांग. सायकल कुठल्या रंगाची होती, दांडा टोचू नये म्हणून अब्बा त्याला टॉवेल गुंडाळायचे का, चढ आला की ते उतरून ढकलायचे की तुलाही उतरवायचे.

— आपा