रूटचा पासवर्ड मुलांच्या हातात द्या

प्रश्न: मी विद्यापीठात ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्किंग शिकवते. लॅबमध्ये मुलांना ॲडमिनचा पासवर्ड द्यायला परवानगी नाही, त्यामुळे निम्मी प्रॅक्टिकल्स फळ्यावरच उरकतात. आता व्हर्च्युअल लॅबचा विचार चालू आहे. सर्व्हरवर उभारावी की मुलांच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकावं? खऱ्या मशीनशी संबंध तुटेल, असं काही सहकारी म्हणतात.

उत्तर: मॅडम, फळ्यावरच्या फोर्क बॉम्बने (स्वतःच्याच प्रती काढत सुटणाऱ्या प्रोग्रॅमने) आजवर एकही मशीन गोठलेलं नाही. मुलांना स्वतःचं व्हर्च्युअल मशीन आणि त्याचा रूट, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड द्या. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चुकीचं मॉड्यूल चढवून ते कोसळू दे. स्नॅपशॉटवर (आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) परत गेलं की पुन्हा कामाला तयार. माझ्या मते व्हर्च्युअल लॅब घ्यायची ती एवढ्यासाठीच. संगणकांचा खर्च वाचतो, हे कारण प्रस्तावात लिहायला ठीक आहे.

लॅपटॉपचा मार्ग स्वस्त, पण पहिलं प्रॅक्टिकल बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करण्यातच जातं. शिवाय २०२० नंतरच्या ॲपलच्या एम-चिपवाल्या लॅपटॉपवर तुमची एक्स८६ इमेज (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी बनवलेली मशीनची प्रत) धड चालणार नाही; इम्युलेशनने, म्हणजे त्या प्रोसेसरची नक्कल करून, चालवलीत तरी मुंगीच्या वेगाने. सगळ्यांना सारखी संधी हवी असेल तर सर्व्हरच घ्या.

त्यातही एक मेख आहे. तास सुरू होताच सगळी मशीन्स एकदम बूट होतात आणि प्रोसेसर रिकामा असताना डिस्क गुदमरते. एसएसडी घ्या, एका मूळ इमेजचे लिंक्ड क्लोन (मूळ इमेज सामायिक वापरणाऱ्या प्रती) करा, आणि तासाच्या आधीच मशीन्स टप्प्याटप्प्याने सुरू करणारी स्क्रिप्ट लावा. क्लोन केल्यावर प्रत्येकाची एसएसएच होस्ट की (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणारी किल्ली) नव्याने तयार करा. नाहीतर सगळ्या मशीन्सची ओळख एकच राहते.

नेटवर्किंगसाठी प्रत्येकाला तीन छोटी मशीन्स द्या: मधलं राउटर, दोन बाजूंना दोन क्लायंट. ग्राफिकल डेस्कटॉप नको, टर्मिनल पुरे. एनमॅपसारखं स्कॅनिंग (नेटवर्कवर कुठली मशीन्स, कुठले पोर्ट उघडे हे तपासणं) फक्त अंतर्गत नेटवर्कवर. ब्रिज्ड मोड (व्हर्च्युअल मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा) बंदच ठेवा, नाहीतर एखादा उत्साही विद्यार्थी विद्यापीठाचं अख्खं नेटवर्क चाळून काढेल!

डॉकर कंटेनरने (प्रोग्रॅम वेगवेगळे ठेवणाऱ्या हलक्या कप्प्यांनी) भागेल का, असं कुणीतरी विचारेलच. डेटाबेस आणि प्रोग्रॅमिंगला खुशाल वापरा. पण कंटेनर यजमान संगणकाचंच कर्नल वापरतात, म्हणजे तुमच्या विषयाचा गाभाच हाताला लागत नाही.

सहकाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. केबलचं टोक क्रिम्प करणं, रॅम बदलणं सॉफ्टवेअरमध्ये शिकता येत नाही. डिस्कचा किंवा कॅशचा वेग मोजायचा प्रयोगही व्हर्च्युअल मशीनवर फसवे आकडे देतो. त्यासाठी काही जुनी मशीन्स उघडी टेबलावर राहू द्या. पण ही नवी टूम आहे असं कुणी म्हणालं, तर व्हर्च्युअल मशीन चालवणारं आयबीएमचं व्हीएम/३७० १९७२ सालचं आहे, एवढं सांगा.

परीक्षेतही याचा उपयोग करा. प्रत्येकाला वेगळं बिघडलेलं मशीन द्या: कुणाच्या एफस्टॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) चुकीची ओळ, कुणाचा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता चुकलेला, कुणाचा पोर्ट आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेला. दुरुस्तीला निम्मे गुण ठेवा आणि बिघाड कसा शोधला, हे तोंडी सांगण्याला उरलेले निम्मे.