अलीकडे पाहिलेला कोणता चित्रपट तुमच्या डोक्यातून जात नाही?

गेल्या महिन्यात चार-पाच पाहिले. डोक्यात राहिला तो चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014). इतकी वर्षं कसा राहून गेला कुणास ठाऊक.

भाषणबाजी नाही, टेबलावर मुठी आपटणं नाही. तारीख पडते, पुढची तारीख पडते. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टात लोकशाहीराविरुद्ध रुक्ष आवाजात कलमं वाचते आणि संध्याकाळी लोकलमध्ये बाजूच्या बाईशी घरगुती गप्पा मारते, पोराला घेऊन घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तिचा राग येईना, हीच तर पंचाईत! शेवटाकडे कोर्टातले दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. मी रिमोट उचलला, तर पुढे न्यायाधीशांची सहल सुरू! (संथपणा मात्र सगळ्यांना झेपणार नाही. आमच्याकडे अर्धं घर मध्यंतरापर्यंत झोपलं होतं.)

त्यानंतर पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ (2024). जर्मनीहून आलेल्या भात शिजवायच्या कुकरला रात्री मिठी मारून बसलेली प्रभा, मुंबईतली नर्स, विसरता येत नाही. छाया कदम तर झकासच. रत्नागिरीकडचा उत्तरार्ध मला थोडा सैल वाटला, पण मुंबईचा पाऊस असा क्वचितच पाहिलाय.

बाकीच्यांची नावंही आता आठवत नाहीत.