रेकॉर्डच्या शेवटी आवाज फाटतो, टोनआर्मची उंची बदलू का?

म्हणजे म्हापशात जुना टेक्निक्स एसएल-१२०० रेकॉर्ड प्लेयर घेतलात, नाट्यगीतांच्या एलपी लावताय, पहिली दोन गाणी छान जातात, पण बाजू संपत आली की 'स' आणि 'श' फाटतात. त्यावर कुणीतरी टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, वर-खाली करायला सांगितलंय. माझं ऐकाल तर उंचीला एवढ्यात हात लावू नका.

मी फोंड्याचा. आमच्याकडे अभिषेकीबुवांची एक एलपी आहे. विलंबित ऐकताना डोळे मिटावेत, आणि द्रुत सुरू झालं की तानांमधून कुणी वाळू चाळतंय असं वाटावं. एक अख्खा पावसाळा मी उंचीची रिंग फिरवण्यात घालवला. शेवटी कळलं, कार्ट्रिजच, म्हणजे सुई असते ती टोकाची डबीच, वाकडं बसलं होतं.

मूळ रेकॉर्डवर खाच कापणारी सुई सरळ रेषेत आत सरकते. आपला टोनआर्म मात्र एका टोकाला खिळलेला, तो कमानीतच फिरणार. त्यामुळे सुई खाचेशी अगदी बरोबर जुळते ती दोनच ठिकाणी. कार्ट्रिज बेअरवाल्ड या नेहमीच्या जुळवणी-पद्धतीने बसवलं तर केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर. त्यात बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी सरकते, आत शेवटी जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, म्हणून तिरकेपणा तिथे लगेच कानाला बोचतो. आणि आपल्याकडे द्रुत नेमकं तिथेच येतं!

आधी सुई साफ करा, ब्रश मागून पुढे, उलटा कधीच नाही. गोव्यातल्या दमट हवेत रेकॉर्डवर बुरशी धरते आणि ती सगळी सुईवर जमते. मग प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवतो त्या फिरत्या तबकडीवर, स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. सुईचा भार डिजिटल काट्यावर मोजा, टोनआर्मच्या मागच्या वजनावरच्या (काउंटरवेट) आकड्यांवर विसंबू नका. कार्ट्रिज ऑर्टोफॉन २एम रेड असेल तर १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई असेल तर २.

आता प्रोट्रॅक्टर, म्हणजे ते दोन बिंदू आणि रेघांची जाळी छापलेला कागद. माझी फजिती इथेच झाली. झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला, तो यंत्राने 'पानात मावेल' असा आक्रसून छापला. १०० मिमीची रेघ पट्टीवर ९६ भरली, आणि मी त्यावर अख्खा रविवार जुळवाजुळव केली. छापल्यावर आधी ती रेघ मोजा. दोन्ही बिंदूंवर सुई टेकवा. कार्ट्रिजची बाजू जाळीच्या रेघांशी समांतर दिसली पाहिजे. हेडशेलचे, म्हणजे कार्ट्रिज ज्याला लावतात त्या टोकाच्या तुकड्याचे, स्क्रू सैल करून पुढे-मागे सरकवा, थोडं वळवा, पुन्हा तपासा. स्क्रू फिरवताना सुईवर टोपी असू द्या. कार्ट्रिजमधलं चुंबक लोखंडी स्क्रूड्रायव्हर खेचतं आणि मग नवीन सुई आणावी लागते. आणखी एक, टेक्निक्सचा स्वतःचा गेज (मापक) सुई प्लॅटरच्या केंद्राच्या १५ मिमी पुढे बसवतो, बेअरवाल्डला याच टोनआर्मवर जवळजवळ १८ लागतात. कुठलाही एकच धरा.

उंची सगळ्यात शेवटी. सुई चालू रेकॉर्डवर असताना टोनआर्मची नळी रेकॉर्डला समांतर दिसली की पुरे. मागे रेघा मारलेला पुठ्ठा धरलात तर डोळ्याला सोपं जातं. एवढ्या लांबीच्या टोनआर्मला १ मिमी उचललं तर कोन पाव अंशानेच बदलतो, तुमचा 'स' एवढ्याने सुधारायचा नाही. उंची हलवलीत तर भार मात्र पुन्हा मोजा.

एवढं करूनही फाटलंच, तर एखादी न वापरलेली रेकॉर्ड लावून बघा. ती स्वच्छ वाजली तर तुमच्या एलपी आधीच्या मालकाने बोथट सुईने झिजवल्यात, त्याला प्रोट्रॅक्टर काही करू शकत नाही.