बेरिलियम-कॉपरचा पाना ग्राइंडरवर घासला तर चालेल का?

भाऊ, हिंगणघाटकडच्या तुमच्या वर्कशॉपात भंगारातून तांबूस-सोनेरी पाना आला, त्यावर 'बीईसीयू' लिहिलंय, तोंड घासून वापरू का, असं विचारलंत. घासू नका! तो बेरिलियम-तांब्याचा आहे, म्हणजे बेरिलियम नावाचा धातू मिसळलेल्या तांब्याचा. ठिणगी पडत नाही म्हणून पेट्रोल-गॅसच्या ठिकाणी असे पाने वापरतात. त्यात बेरिलियम साधारण 2 टक्केच असतं, पण तेवढ्यानंच तांबं स्प्रिंगसारखं टणक होतं.



पाना हातात धरायला, नट खोलायला काहीच धोका नाही. धोका आहे तो घासताना, वेल्डिंग करताना, वितळवताना उडणाऱ्या धुळीचा नि धुराचा. ती धूळ फुप्फुसात गेली की काहींच्या शरीराला तिचं वावडं होतं, गाठी होतात, दम लागतो. कधीकधी कित्येक वर्षांनी. स्टेरॉइडनं आराम पडतो, आजार मुळातून जात नाही. कर्करोगाचाही धोका आहे. नाकाला बांधलेला दुपट्टा ही धूळ अडवत नाही.

आधीच घासला असेल तर झाडू किंवा हवेचा पाइप मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. खोकला टिकला तर आपल्याकडे आधी टीबीच तपासतात, म्हणून डॉक्टरांना हे काम आवर्जून सांगा.